पेशी, ऊती, अवयव, संस्था ही उतरंड शरीरात खरंच असते की ती फक्त पुस्तकातली सोय?

नावं आपण दिलेली, पण रचना शरीराचीच. शाळेत विज्ञान शिकवताना हा प्रश्न मलाही दरवर्षी विचारला जातो, आणि तो फार योग्य प्रश्न आहे.

कांद्याचा पापुद्रा आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. लांबट पेशी भिंतीला भिंत लावून बसलेल्या दिसतात, प्रत्येकीत केंद्रकाचा गडद ठिपका. मग गालाच्या आतून टूथपिकने हलकेच खरवडून दुसरी स्लाइड करा. इथे सुट्या, कडा दुमडलेल्या पेशी. मुलं लगेच विचारतात, "बाई, भिंती कुठे गेल्या?" प्राण्यांच्या पेशींना पेशीभित्तिका नसतेच. मग आपलं शरीर विस्कटत कसं नाही?

१९०७ साली प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज हा साधा समुद्री प्राणी जिवंतच बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या होऊन भांड्याच्या तळाशी बसल्या. हळूहळू त्या एकमेकींना चिकटत गेल्या आणि त्यांतून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले! हा प्रयोग सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. कुणाला धरायचं हे पेशीला कळतं, कारण तिच्या पृष्ठभागावर त्यासाठीची प्रथिनं असतात. आपल्या शरीरात कॅडहेरिन हे त्यांपैकी एक. कॅल्शियम असेल तरच त्याची पकड बसते.

अशा धरून राहिलेल्या, एकच काम करणाऱ्या पेशी म्हणजे ऊती. अवयवात अनेक ऊती येतात. लहान आतडंच घ्या. आतून अन्नरस शोषणारा एकाच पेशीच्या जाडीचा थर, त्याला आधार देणारी संयोजी ऊती, बाहेर अन्न पुढे ढकलणारे स्नायू, आणि या सगळ्यांत पसरलेल्या चेतापेशी. तो आतला थर तर तीन ते पाच दिवसांत नवा होतो. खोलगट भागात पेशी जन्मतात, बोटांसारख्या उंचवट्यांवर सरकत चढतात आणि टोकाला पोचून गळून पडतात. पेशी बदलतात, जागा आणि काम तेच राहतं.

पण ही उतरंड सगळीकडे पूर्ण नसते. अमिबाचा सगळा संसार एकाच पेशीत. स्पंजात वेगवेगळ्या कामांच्या पेशी आहेत, पण खरे अवयव नाहीत. आणि रक्तातल्या पेशी सुट्या वाहतात, तरी रक्त ही ऊतीच.