धुराचा अलार्म काढून टाकावा का?

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशीच स्मोक अलार्म बसवला आहे. तांबड्या रश्शाला फोडणी दिली की तो कर्कश वाजतो आणि हिवाळ्यात पहाटे अधूनमधून नुसता ‘टिक’ असा आवाज करतो. तो काढून टाकावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कृपया काढू नका. पहाटेचा तो आवाज बहुधा बॅटरी संपत आल्याची खूण असते. थंडीत बॅटरीचा व्होल्टेज आणखी उतरतो, म्हणून दिवसा गप्प असलेले यंत्र नेमके त्या वेळी तक्रार करते. नवी बॅटरी घालूनही आवाज थांबला नाही, तर मागच्या बाजूची तारीख पाहा आणि यंत्राला 10 वर्षे झाली असल्यास ते बदलाच. फोडणीचा त्रास जागेमुळे होतो. अलार्म शेगडीपासून किमान 3 मीटर दूर, शक्यतो झोपण्याच्या खोलीबाहेर छताला लावा, आणि नवा घेताना ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकारचा घ्या, कारण ‘आयोनायझेशन’ प्रकार स्वयंपाकाच्या सूक्ष्म कणांनी लवकर वाजतो. मात्र गॅसगळती यापैकी कोणत्याही अलार्मला कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर पडून 1906 या एलपीजी गळतीच्या मदत क्रमांकावर कळवा.