२०११-१२ मध्ये माँपेलिए फ्रान्सचा विजेता झाला, त्यात नशिबाचा वाटा किती होता?

आपला प्रश्न असा आहे की, कतारचा पैसा पॅरिसमध्ये येऊन पोहोचलेला असताना माँपेलिएसारखा लहान क्लब लीग १ चा, म्हणजे फ्रेंच फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीचा, विजेता झालाच कसा, आणि ते निव्वळ नशीब होते का. नशिबाची साथ कोणत्याही विजेत्याला लागते; पण ३८ सामन्यांच्या लीगमध्ये केवळ तिच्या जोरावर ८२ गुण जमत नाहीत. त्या विजेतेपदाला सरसकट ‘चमत्कार’ म्हटले जाते, तेव्हा ते घडवणाऱ्यांची अनेक वर्षांची मेहनत पुसली जाते, असे मला मनापासून वाटते.

आधी परिस्थिती पाहू. २०११ च्या उन्हाळ्यात कतारी गुंतवणूकदारांनी पॅरिस सेंट-जर्मेन विकत घेतला आणि हावियर पास्तोरे या एकट्या खेळाडूसाठी सुमारे ४२ दशलक्ष युरो मोजले. त्याच लीगमध्ये माँपेलिए २००९ साली दुसऱ्या श्रेणीतून वर आला होता आणि २०१०-११ मध्ये चौदाव्या क्रमांकावर राहिला होता. हंगाम सुरू होताना त्यांना दावेदार मानणारे फारसे कोणी नव्हते. सप्टेंबरमध्ये पॅरिसने त्यांच्याच ला मोसाँ मैदानावर त्यांना ३-० असे हरवले, तेव्हा तर हा अंदाज पक्काच वाटला असेल.

हा संघ मात्र एका रात्रीत जमवलेला नव्हता. क्लबचे अध्यक्ष लुई निकोलँ यांचा व्यवसाय कचरा गोळा करण्याचा. १९७४ पासून त्यांनी हा क्लब वाढवला होता आणि त्यांच्या काळात क्लबच्या अकादमीने चांगले मूळ धरले होते. याच अकादमीच्या मुलांनी २००९ मध्ये फ्रान्सचा युवा चषक जिंकला. त्या तुकडीतले युनेस बेलहांदा, रेमी काबेला आणि बेंजामँ स्तांबुली तीन वर्षांनी मुख्य संघात होते, आणि कर्णधार मापू यांगा-म्बीवा हाही अकादमीतच घडलेला. एकमेकांचा खेळ लहानपणापासून ओळखणाऱ्या मुलांना कोणाला कुठे चेंडू हवा असतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही. प्रशिक्षक रने जिरार यांनी त्यांच्या जोडीला अनुभवी माणसे दिली. बचावातला ब्राझीलचा हिल्टन तिशी ओलांडून आलेला होता, तर आघाडीचा ऑलिव्हिए जिरू २०१० मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या तूर क्लबकडून सुमारे २ दशलक्ष युरोंत घेतलेला होता. जिरूने त्या हंगामात २१ गोल केले. पॅरिसच्या नेनेचेही गोल तितकेच होते, पण जिरूच्या गोलांत पेनल्टी कमी असल्याने सर्वाधिक गोलांचा मान त्याला मिळाला.

पॅरिसच्या बाजूने काय घडले, हेही सांगायला हवे. डिसेंबरमध्ये संघ गुणतालिकेत पहिल्या स्थानावर असताना त्यांनी प्रशिक्षक आंत्वान कोंबुआरे यांना काढले आणि कार्लो अँचेलॉटी यांना आणले. अँचेलॉटींच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण मधल्या हंगामात घडी बदलली की संघाला पुन्हा बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ माँपेलिएने सोडला नाही. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये जाऊन त्यांनी २-२ अशी बरोबरी साधली. म्हणजे त्या हंगामात त्यांनी पॅरिसला एकदाही हरवले नाही! विजेतेपद मिळाले ते इतर संघांविरुद्ध सातत्याने गुण गोळा केल्यामुळे, आणि माझ्या मते ‘नशीब’ या तर्काला हेच सर्वांत चोख उत्तर आहे.

तरीही शेवट सोपा नव्हता. १३ मे २०१२ रोजी, अखेरून दुसऱ्या फेरीत, गतविजेता लील संघ माँपेलिएत आला होता. नव्वद मिनिटे संपली तरी गोल नव्हता आणि सामना बरोबरीत सुटला असता, तर पॅरिसवरची आघाडी फक्त एका गुणाची राहिली असती. भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला जिरूने बचावपटूंना अंगावर घेत चेंडू गोलसमोर सरकवला आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या करीम आइत-फानाने तो जाळ्यात धाडला. नशिबाचा वाटा मोजायचाच असेल, तर तो या एका मिनिटापुरता मोजावा. पण थकलेल्या पायांनी त्या क्षणी धावत जाण्याची तयारी ही नशिबाची देणगी नसते.

शेवटचा सामना २० मे रोजी ओसेरच्या मैदानावर झाला. ओसेरचा संघ ३२ वर्षांनंतर प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला होता, आणि स्वतःच्या व्यवस्थापनावर संतापलेल्या त्यांच्या प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्याने सामना वारंवार थांबवावा लागला. माँपेलिए हरला असता, तर गोलफरकाच्या जोरावर विजेतेपद पॅरिसला गेले असते, आणि ओसेरने आधी गोलही केला होता. जॉन उटाकाने मध्यंतरापूर्वी बरोबरी साधली आणि उत्तरार्धात दुसरा गोल केला. तिकडे पॅरिसने लोरियाँमधला आपला सामना २-१ असा जिंकून संपवलाही, तरी माँपेलिएचे खेळाडू खेळ पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत थांबले होते. आधीच अवघड असलेल्या त्या रात्री अशा खंडांनंतरही त्यांनी २-१ ही आघाडी टिकवली, याचे मला आजही कौतुक वाटते. क्लबचे हे पहिलेच लीग विजेतेपद होते. पॅरिस ७९ गुणांवर राहिला. निकोलँ यांनी दिलेला शब्द पाळून क्लबच्या निळ्या-केशरी रंगांत केसांचा तुरा रंगवून घेतला.

हे यश टिकले का, तर नाही. त्याच उन्हाळ्यात जिरू आर्सेनलला गेला, पुढच्या वर्षभरात यांगा-म्बीवा आणि बेलहांदाही गेले, आणि २०१३ पासून पॅरिसने सलग चार विजेतेपदे मिळवली. निकोलँ २०१७ मध्ये वारले. २०२५ मध्ये क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत उतरला. आपल्याला त्या हंगामातला एकच सामना पाहायचा असेल, तर ओसेरचा नको, लीलविरुद्धचा पाहा. त्यात हा संघ कसा खेळत असे, ते पूर्ण नव्वद मिनिटे दिसते.