166 सेंटिमीटर उंचीचा व्रान्येस स्वीडनच्या हँडबॉल संघात एवढा मोठा कसा झाला? माझ्या नववीतल्या मुलाची उंची कमी आहे, तर त्याने हा खेळ सोडावा का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नववीतल्या पोराला ‘उंची नाही, हँडबॉल सोड’ असं अजिबात सांगू नका. हे तुमच्या डोक्यात ज्याने भरवलंय तो बहुधा शिट्टी गळ्यात अडकवून फिरणारा कुणीतरी असणार. असल्या लोकांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

ल्युबोमिर व्रान्येस गोथेनबर्गचा, जन्म 1973 चा. तिथल्याच रेडबर्ग्सलिड क्लबकडून खेळून मग स्पेनमध्ये ग्रानोयेर्सला गेला, तिथून जर्मनीत आधी नॉर्डहॉर्न आणि शेवटी फ्लेन्सबुर्ग. बेंग्ट योहान्सन कोच होते तेव्हाच्या स्वीडिश संघाचा तो सेंटर बॅक, म्हणजे मधे उभा राहून हल्ला रचणारा खेळाडू. 1999 ला इजिप्तमध्ये विश्वविजेतेपद, तेही फायनलला रशियाला 25-24 असं एका गोलने हरवून. 2000 आणि 2002 ला युरोपियन विजेतेपद, मधे सिडनी ऑलिंपिकचं रौप्य. पदकांची यादी याहून लांब आहे, पण तुम्हाला खरं विचारायचंय ते ‘कसा’, म्हणून त्याकडे वळते.

मी कॉलेजात असताना सेंटरला खेळायचे. विद्यापीठाच्या ट्रायलला गेलो तर सरांनी आधी सामानाच्या खोलीच्या भिंतीवर खडूने एक रेघ मारली आणि आम्हा सगळ्यांना तिथे पाठ लावून उभं केलं. बॉल अजून जाळीतच होते. डोकं रेघेच्या वर ती मुलगी डावीकडे, खाली ती उजवीकडे. उजवीकडच्यांना शेवटी ‘चला, तुम्हीपण थोडं खेळून दाखवा’ म्हणून मैदानात सोडलं, तोवर सरांचा अर्धा कागद भरला होता. मी डॉज मारून दोघींच्या मधून आत घुसले, लाइनवर, म्हणजे गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेपाशी डिफेन्समध्ये घुसून बसलेल्या मुलीला खालून पास दिला, तिने गोल केला. सर मान खाली घालून लिहीत होते. मग म्हणाले, “सेंटरला उंच पोरगी लागते. तिला पलीकडचं दिसलं पाहिजे.” माझ्या जागी घेतलेली मुलगी बास्केटबॉलमधून नुकतीच आलेली. पोरगी गुणी होती, तिच्याबद्दल राग नाही.

आता व्रान्येसचे जुने सामने काढून बघा. तो डिफेन्सच्या डोक्यावरून शॉट मारायच्या भानगडीतच पडत नाही. बॉल घेऊन सरळ दोन डिफेंडरांच्या मधल्या फटीकडे धावतो. समोरचे दोघं त्याच्यासाठी एकत्र आले की कुठेतरी एक माणूस मोकळा झालाच. आणि मोकळे होणारे कोण, तर डावीकडे लोव्हग्रेन, उजवीकडे डावखुरा स्टाफन ओल्सन, लाइनवर मॅग्नस विसलँडर. एकेक ताडमाड. उंच डिफेंडर ब्लॉकसाठी हात वर करतो तेव्हा त्याच्या कमरेजवळ जागा मोकळी पडते, तिथून बॉल सोडला की गोलकीपरला तो उशिरा दिसतो. बुटक्या सेंटरला ही जागा त्याच्या डोळ्यासमोरच असते, उंचाला वाकावं लागतं. सरांना ‘पलीकडचं’ बघायचं होतं, गोल मात्र अलीकडूनच होत होते!

हे सगळं मी सरांना एका लग्नात जेवणाच्या रांगेत सांगितलं. म्हणाले, “तो अपवाद गं.” मी म्हटलं, सर, त्याला गोथेनबर्गमध्ये कुणी रेघेखाली उभं केलं असतं तर अपवाद तरी कसा झाला असता? त्यावर त्यांनी जिलबी घेतली.

आणि तो नुसता चपळ होता, डोकं दुसऱ्यांचं होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी: 2007 ला फ्लेन्सबुर्ग चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या फायनलला कील या दुसऱ्या जर्मन क्लबकडून हरलं, तेव्हा तो त्या संघात खेळाडू होता. 2014 ला तोच फ्लेन्सबुर्गचा कोच. कोलोनला सेमीफायनलमध्ये बार्सिलोनाला सेव्हन मीटरच्या, म्हणजे पेनल्टीच्या शूटआउटवर काढलं आणि फायनलला त्याच कीलला 30-28 ने हरवून कप घेतला. डोकं कुणाचं होतं ते बघा.

थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर उद्या तुम्ही मला शिव्या द्याल. डिफेन्समध्ये कमी उंची नडते. 6-0 मध्ये, म्हणजे सहाही जण गोलसमोर एका ओळीत उभे असतात तेव्हा, त्याला मधे ठेवलं तर समोरचा लांबून शॉट मारणारा बॅक थेट डोक्यावरून मारतो. म्हणून अशा खेळाडूला कडेला ठेवतात किंवा डिफेन्सला बाहेर बसवतात, आणि अदलाबदलीच्या त्या दोन-चार सेकंदांत फास्ट ब्रेक खावा लागू शकतो. तिकडे युरोपात बॉलला रेझिन, म्हणजे चिकट राळ लावतात, त्यामुळे लहान पंज्यातही तो चिकटून राहतो. आपल्याकडे मातीच्या मैदानावर कोरडा बॉल निसटतो, तेव्हा मुलाच्या मनगटाकडे आणि बोटांकडे लक्ष द्या. शिवाय आजूबाजूला ओल्सन-विसलँडर नसतील तर सेंटरने कितीही फटी काढल्या तरी गोल कोण मारणार, हेही खरंच. युरोपात खेळण्याची स्वप्नं वगैरे मी दाखवत नाहीये.

मुलाला कोच विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या जागेवर ढकलतील, कारण लहान चणीची मुलं तिथेच टाकायची रीत आहे. त्याला पास द्यायची हौस असेल तर हट्ट धरून सेंटरलाच खेळवा. ट्रायलला कुणी टेप काढली तर स्वच्छ सांगा, आधी दहा मिनिटं खेळू द्या, मग मोजा.

आणि सर, हे वाचत असाल तर, त्या वर्षीच्या पहिल्याच सामन्यात हाफ टाइमनंतर तुम्ही त्या उंच मुलीला सेंटरवरून काढून लाइनवर टाकलंत. मी प्रेक्षकांत बसले होते.