बोट सावकाश डुलते म्हणजे ती जास्त स्थिर असते का?

नाही हो, उलट आहे. तुम्ही लिहिलंय की मामांचा ट्रॉलर हल्ली सावकाश डुलतो, त्रास कमी होतो, मग तो जास्त स्थिर झाला का. मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, मला तर वाचून काळजीच वाटली.

बोट कलली की तिला सरळ करणारा जोर जेवढा जास्त तेवढी ती झटक्यात परत येते, पोटात ढवळतं पण बोट सेफ असते. जोर कमी असेल तर ती आरामात कलते, टोकाला जरा रेंगाळते आणि मग परत येते. हा जोर ज्या आकड्यावरून कळतो त्याला आम्ही जीएम म्हणतो. वर वजन चढलं की जीएम घटतो.

मोजायचं असेल तर बंदरात शांत पाण्यात, दोर सैल सोडून, चार-पाच जणांनी एका तालात या कडेवरून त्या कडेला जात बोट डुलवायची, मग सगळ्यांनी मधे थांबायचं आणि पाच फेऱ्यांचा टाइम घेऊन पाचने भागायचं (डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे ही एक फेरी). बोटीची रुंदी मीटरमध्ये घ्या, 0.8 ने गुणा, सेकंदांनी भागा, त्याचा वर्ग करा, झाला अंदाजे जीएम. 6 मीटर रुंद बोटीला 5 सेकंद लागले तर 0.92 मीटर, 8 लागले तर फक्त 0.36. एका डेकच्या मासेमारी बोटींना आंतरराष्ट्रीय निकष किमान 0.35 चा आहे, म्हणजे अगदी काठावर.

आम्ही न्यूझीलंडहून कांडल्याला ओंडके आणत होतो, जहाज 28 मीटर रुंद. निघताना एक फेरी 22 सेकंदांची, नंतर 28 ची, कारण डेकवरचे ओंडके पावसात पाणी प्यायले आणि तळच्या टाक्यांतलं तेल जळत गेलं. जीएम 1.04 वरून 0.64 वर! मग तळच्या टाक्या पाण्याने भरल्या, पण एकावेळी एकच, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळून स्थिरता आणखी कमी होते.

भर समुद्रात मात्र या मोजणीवर विसंबू नका, तिथे लाटा आपल्या तालावर बोट डुलवतात. आणि 0.8 हा ढोबळ आकडा आहे, पक्का हिशोब सर्व्हेअरकडूनच करून घ्या. तोवर मामांना एवढंच विचारा, गेल्या वर्षभरात केबिनवर किंवा डेकवर नवीन काय चढवलंय, आणि ते आधी उतरवायला सांगा.