सातेरीची पेटी आवारातल्या आवारात हलवायची असेल तर

ताई, तुमची सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी सांदवाडीत मागच्या भिंतीलगत आहे. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा कूलर बसणार, म्हणून उन्हाळा लागायच्या आत पेटी घराच्या दुसऱ्या बाजूला, लिंबाखाली न्यायची आहे. अंतर साधारण ४० फूट. एका रात्रीत उचलून ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर : नका ठेवू. हाताशी महिनाभर आहे, तो वापरा.

पेटी ५ किलोमीटरवर नेणं त्यामानाने सोपं असतं. नवीन मुलखात माशीला ओळखीचं काहीच दिसत नाही, म्हणून ती बाहेर पडल्यावर आधी पेटीची जागा पाहून घेते. ४० फुटांवर मात्र तोच आंबा, तीच पाण्याची टाकी, तीच गच्ची. चरून परतणारी माशी सवयीने थेट जुन्या जागी उतरते आणि पेटी सापडली नाही की तिथेच घिरट्या घालते. राणीला आणि पिल्लांना भरवणाऱ्या कोवळ्या माशांना काही होत नाही, त्या अजून बाहेर पडलेल्याच नसतात. नुकसान होतं ते चरणाऱ्या माशांचं, म्हणजे मकरंद, पराग आणि पाणी आणणाऱ्यांचं. त्यातून सातेरी तापट नसली तरी मनस्वी. मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळली जाणारी विलायती मधमाशी, बराच त्रास सोसते. सातेरीला आवक तुटल्याचं जाणवलं की ती पेटी सोडून उठून जाते. मला खरी भीती त्याची वाटते.

म्हणून रोज थोडं थोडं सरकवा. दिवेलागणीनंतर, सगळ्या माशा आत गेल्यावर, दोघांनी स्टँडसकट पेटी उचलायची आणि दीड-दोन फूट पुढे ठेवायची. पेटी तिच्या दाराच्या (माशा ये-जा करतात त्या फटीच्या) दिशेने पुढे किंवा मागे सरकली तर माशा लवकर जुळवून घेतात. आडवी सरकवताना फूटभरच सरकवा. दाराचं तोंड आणि जमिनीपासूनची उंची तीच राहू द्या. ढगाळ किंवा गारठ्याच्या दिवशी माशा फारशा उडल्या नसतील तर तो दिवस धरू नका, पेटी तिथेच राहू द्या. घराच्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे जुनी जागा नजरेआड होते, तेव्हा वळण संपेपर्यंत रोज फूटभरच, आणि दारही थोडं थोडंच फिरवा.

माशांना बदल कळला की नाही हे दुपारी दारासमोर बाजूला उभं राहून बघा. माशी सरळ तीरासारखी निघून गेली तर तिने काही पाहिलेलं नाही. बाहेर येऊन ती उलटी वळते, पेटीकडे तोंड करून डावी-उजवीकडे झुलत मागे सरकते, घेर वाढवत वाढवत वर जाते, तेव्हा ती जागा पाठ करत असते. अशा पुष्कळ माशा दिसल्या की त्या संध्याकाळी निर्धास्त पुढचा टप्पा घ्या.

उचलण्याआधी पेटी दोन ठिकाणी पट्ट्याने घट्ट आवळा. सातेरी मेलिफेरासारखा झाडांचा डिंक आणून फटी चिकटवत नाही, त्यामुळे तळपाट, पिल्लांचा कप्पा आणि छप्पर एकमेकांवर नुसते ठेवलेले असतात. उचलताना एक कोपरा सुटला तर सगळ्या माशा अंगावर. स्टँडच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या प्रत्येक वेळी सोबत न्या. एक रात्र जरी त्या राहिल्या तरी मुंग्या आत शिरतात.

काही जण पेटीचं दार तीन दिवस बंद ठेवून मग नव्या जागी उघडायला सांगतात. थंड प्रदेशात ते जमत असेल, नागपुरात मार्चनंतर तो विचारही करू नका. पिल्लांजवळ ३४-३५ अंश राखायला माशा पंख हलवून वारा घालतात आणि बाहेरून पाणी आणतात. पारा ४५ कडे जात असताना दार बंद म्हणजे पाणी बंद. नवं पोळं मऊ पडून चौकटीतून सुटतं. बंद ठेवायचंच असेल तर पावसाळ्यातली झड बरी. दोन-तीन दिवस माशा आपणहून आत बसलेल्या असतात, तेव्हा पेटी एकदम हलवली तरी कमी माशा जुन्या जागी परत फिरतात. पण तुमचा कूलर तोवर थांबणार नाही.

समजा काम अचानक निघालं आणि घाई झाली, तर पेटी शहराबाहेर, वाडी किंवा हिंगणा गावाकडे, कुणाच्या मळ्यात तीनेक आठवडे ठेवा आणि मग थेट लिंबाखाली आणा. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच चरते, त्यामुळे तिला ५ किलोमीटर पुरेसे आहेत. तेवढ्या काळात जुनी वाट माहीत असलेल्या बहुतेक माशा आयुष्य संपवून गेलेल्या असतात. तेही शक्य नसेल तर संध्याकाळी हलवून दारात हिरवं गवत सैलसर खोचा आणि समोर एक पानाळ फांदी टेका. गवत काढत, फांदी चुकवत बाहेर पडताना माशी थबकते आणि जागा पुन्हा पाहते. जुन्या जागी दिवसा काहीही ठेवू नका. फक्त ऊन उतरल्यावर एक रिकामी पेटी जुन्या पोळ्यासकट मांडा, वाट चुकलेल्या माशा तीत बसतील. अंधारात नेऊन नव्या दारापुढे झटका.

लिंबाखाली सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळते ना, ते आधी पाहून घ्या. पाण्याचं पसरट भांडं, आत खडे टाकून, आजच तिथे मांडा आणि कधीही कोरडं पडू देऊ नका. माशांना एकदा कूलरच्या टाकीची सवय लागली की ती मोडत नाही, आणि शेजाऱ्यांची तक्रार पेटी कुठेही असली तरी येणारच.

या सगळ्या काळात पेटी उघडू नका. शेवटच्या जागी स्थिरावल्यावर आठवड्याभराने सकाळी एक चौकट उचला. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी उभी पांढरी अंडी दिसली म्हणजे राणी कामाला लागली आहे. मधाचा कप्पा त्यानंतर चढवा.