आधी स्क्रीन बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या बाबांचा फोन आला. उपयोजित कलेला तुझा प्रवेश झाला हे ऐकून फार बरं वाटलं. लॅपटॉपसाठी त्यांनी ६०,००० रुपये बाजूला काढलेत आणि दुकानदार म्हणतोय, ‘आय-सेव्हनच घ्या, चार वर्षं बघायला नको.’ ते ऐकलं आणि लगेच लिहायला बसलो.

तू आधी स्क्रीन बघ. प्रोसेसरचं स्टिकर नंतर.

मी पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यावर एका लग्नपत्रिकेचं काम केलं. कुंकवाचा लाल रंग स्क्रीनवर फिका, नारिंगीकडे झुकलेला दिसायचा, म्हणून मी त्यात काळा वाढवत गेलो. छापून आला तो वाळलेल्या रक्तासारखा तपकिरी. पाचशे पत्रिका पुन्हा छापल्या. पैसे गेले ते गेलेच, पण मुलीच्या वडिलांचा उतरलेला चेहरा आजही डोळ्यांपुढे येतो.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. स्क्रीन किती रंग दाखवते, त्याचं ते एक जुनं माप. तो घेऊ नकोस. अशा स्क्रीनला एसआरजीबीमधले, म्हणजे स्क्रीनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रमाण रंगसंचातले, जेमतेम दोन-तृतीयांश रंग दाखवता येतात. उरलेले तुला दिसणारच नाहीत, मग निवडणार कशी? ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहिलेला घे. दोन्ही जवळपास एकच. नुसतं ‘आयपीएस’ (बाजूनेही रंग नीट दिसणारा स्क्रीनचा प्रकार) लिहिलंय म्हणून भुलू नकोस, ४५ टक्केवाली स्क्रीनही आयपीएस असू शकते. ओएलईडी हा महागडा स्क्रीनचा प्रकार बजेटात बसला तर रंग सुंदर मिळतात, फक्त तासभर त्याच्यापुढे बसून डोळे दुखत नाहीत ना ते बघ.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन फाइल्स ने. एक, आईच्या पैठणीचा दिवसाउजेडी काढलेला फोटो. शक्य असेल तर पैठणीचा पदरच पिशवीत घालून ने आणि स्क्रीनशेजारी धर. दुसरी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या सोळा पट्ट्या. काळ्याकडच्या तीन-चार पट्ट्या एकमेकींत मिसळून एकच काळा ठोकळा दिसला, तर तो लॅपटॉप तिथेच ठेव. मग थोडी बाजूला सरकून बघ, रंग बदलतोय का. दुकानदार घाई करेल. करू दे.

स्क्रीननंतर रॅम. फोटोशॉप ८ जीबीवर चालतं, पण १६ जीबी असावी असं ते बनवणारी अडोबी कंपनीच सांगते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि ब्राउझर एकदम उघडे असले की ८ जीबीचा जीव जातो, आणि तो सबमिशनच्या आदल्या रात्रीच जातो. पैसे कमी पडले तर आत्ता ८ घे, पण वाढवायला मोकळा स्लॉट आहे का हे विचारून. कित्येक बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढत नाही. फाइल्स साठवायला एसएसडी ५१२ जीबी पुरे.

वेगळं ग्राफिक्स कार्ड तुला बहुधा लागणार नाही. अॅनिमेशन किंवा थ्रीडी करायचं पक्कं असेल तरच त्यावर खर्च कर. गेमिंग लॅपटॉपचा जड चार्जर घेऊन रोज लोकलमध्ये चढायचं आहे, हेही लक्षात ठेव.

लॅमिंग्टन रोडला जुने, ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप मिळतात. घ्यायला माझी हरकत नाही, पण प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला. स्क्रीनची परीक्षा तिथेही तीच.

साठच्या साठ हजार लॅपटॉपवर घालवू नकोस. चार-पाच हजारांचा पेन टॅबलेट घे. दाबाप्रमाणे रेष जाड-बारीक होते तेव्हा हाताला जे कळतं, ते माउसने कधी कळणार नाही. थोडे पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी ठेव आणि दर रविवारी सगळं काम तिच्यावर उतरव. सॉफ्टवेअर चोरून टाकू नकोस. फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, क्रिता, इंकस्केप आणि ब्लेंडर तर सगळ्यांनाच फुकट आहेत. अडोबीचीही विद्यार्थ्यांसाठी सवलत असते.

आणि घाई कशाला? पहिलं वर्ष बरंचसं हातानेच जातं: अक्षरलेखन, पोस्टर कलर, निसर्गचित्रं. वरच्या वर्गातल्या मुलांना विचार, कॉम्प्युटरचं काम कधी सुरू होतं. दिवाळीपर्यंत थांबता आलं तर सवलतीही मिळतील आणि दोन-चार जणांचे लॅपटॉप हाताळूनही होतील.

बाबांना सांग, दुकानदाराला अजून आगाऊ रक्कम देऊ नका. पट्ट्यांची फाइल मी आज संध्याकाळी तुला पाठवतो. पैठणीचा फोटो तू काढ, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता.

तुझा,
काका