बरोटला ट्राउट धरायचाय, गळ कुठं टाकू?

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ पानशेतच्या बॅकवॉटरला गळ टाकतो, मरळ, रोहू मिळतो. मे महिन्यात हिमाचलात बरोटला चाललोय, तिथल्या जलाशयात ट्राउट आहे म्हणे. कुठं टाकायचा, काय लावायचं? आणि आपल्या धरणांत ट्राउट का नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, शेवटचं आधी सांगतो. ट्राउटला १०-१८ डिग्रीचं गारेगार पाणी लागतं, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि हा मासा तगत नाही, पानशेत उन्हाळ्यात किती तापतं ते तुम्हीच बघता. बरोट सुमारे १८०० मीटरवर, ऊहल नदीला बर्फाचं पाणी. तसा ट्राउट तिथलाही नाही, इंग्रजांनी आणून सोडलेला.

आता गळ. बोया लावून शांत पाण्यात बसायची सवय इथंच ठेवून जा. नदी जलाशयात जिथं शिरते ते तोंड गाठा, ट्राउट तिथं प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत आलेला किडा टिपतो. बारीक तंगूस (नायलॉनची दोरी), छोटा स्पिनर (पाण्यात फिरणारं चकचकीत पत्र्याचं आमिष), एकच गळ. मे महिन्यात दुपारी बर्फ वितळून पाणी गढूळतं म्हणून उजाडताच जा.

अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं दिसलं तर तो ब्राउन, कुशीवर गुलाबी पट्टा आणि शेपटीवरही ठिपके असतील तर रेनबो. तिसरा मिळेल तो स्नो ट्राउट, तो नावापुरता ट्राउट, खरं तर रोहूच्याच कुळातला, पण अस्सल तिथला, त्याला सोडून द्या ही माझी कळकळीची विनंती. सोडताना हात आधी ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग माशाला रोग लागू शकतो. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच धरा, शेपटीचा झटका बसला की आपोआप जातो.

मत्स्य विभागाचं लायसन घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, मे चालतो.

आणि धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरू नका. जून २०१४ मध्ये हिमाचलातच थलौटजवळ बियास नदीत हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, आधी पात्रात पाणी कमीच दिसत होतं. धरणाचा हूटर (भोंगा) ऐकू आला किंवा पाणी चढताना दिसलं की रॉड तिथंच टाका, भावाचा हात धरा आणि वर या.